भिंतींनाहि कंठ असतो

भिंतीला कान असतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. गुप्त गोष्ट हळू बोलावी, एवढाच तिचा अर्थ आपण घेतों. परंतु भिंतीला जसे कान असतात तसा कंठहि असतो. आपण घरांत बसून जें गाणें किंवा जो वाद्यांचा मेळ ऐकतों, त्यांतील बराचसा भाग गाणाराच्या वा यंत्राच्या मुखांतून सरळ आपल्या कानीं आलेला नसतो. भिंती, छत व जमीन ह्यांनीं तो परत बोलून दाखविलेला असतो. ही गोष्ट सुशिक्षितांच्याहि सहसा ध्यानांत येत नाहीं. ह्या कंठाचा शोध कसा लागला व त्यास लगाम घालण्याची विद्या कोणी निर्माण केली, हें आज सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. निमित्त अगदीं घरगुती आहे. तें आधीं सांगतों.

आमचा भाचा गाण्यांचें मिक्सिंग करतो. म्हणजे निरनिराळे मुद्रित केलेले कंठ व वाद्यें एकत्र आणून, कोणास पुढें व कोणास मागें ठेवून, त्यांचा एक मेळ सिद्ध करतो. पूर्वीं हें काम मोठ्या स्टुडिओंतच होई. आतां संगणक व दोन चांगले स्पीकर असले कीं घरांतील एका खोलींतहि होतें. त्यानें आपल्या नव्या फ्लॅटमधील बारा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशी एक खोली ह्या कामासाठीं राखून ठेविली. परंतु घडूं लागलें तें विपरीतच. त्या खोलींत जें गाणें नेटकें व समतोल वाटे, तेंच दुसऱ्याच्या घरीं किंवा मोटारींत लाविलें कीं खालचे स्वर ढोलासारखे घुमत व गाणाराचे शब्द त्यांत बुडून जात. कामें परत येऊं लागलीं. त्यानें स्पीकर बदलले. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटविले. वर बोटभर जाडीचा फोम लाविला. खोली बहिरी झाली, पण दोष गेला नाहीं. शेवटीं एके दिवशीं आमच्याकडे येऊन तो म्हणाला, "मामा, माझा कानच ह्या धंद्याचा नव्हे. कुठं तरी नोकरी पाहतों."

आमचें उभें आयुष्य महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकविण्यांत गेलें. त्यामुळें त्याच्या कानाविषयीं निर्णय देण्यापूर्वीं खोलीची साक्ष काढावी, असें आम्हांस वाटलें. आणि तसें वाटण्याचें कारण एक जुनी हकीकत होती. तीच त्यास सांगितली, व तीच वाचकांपुढें ठेवीत आहों.

१८९५ मध्यें अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, केंब्रिज येथें, हार्वर्ड विद्यापीठाचें फॉग कलासंग्रहालय उघडलें. त्याचा आराखडा रिचर्ड मॉरिस हंट ह्या नामांकित शिल्पज्ञानें केला होता. इमारत देखणी होती. परंतु तींतील व्याख्यानगृहांत पहिलें व्याख्यान होतांच असें दिसून आलें कीं वक्त्याचा एक शब्दहि श्रोत्यांस धड समजत नाहीं. एक शब्द उच्चारला कीं तो रिकाम्या दालनांत साडेपांच सेकंदांहून अधिक काळ रेंगाळे. तेवढ्या वेळांत वक्ता पुढचीं दोनतीन वाक्यें बोलून जाई. तीं सारीं एकमेकांवर चढून त्यांचा नुसता कल्लोळ होई. देवळाच्या गाभाऱ्यांत एकानें ॐकार लावावा तर तो घुमारा गोड वाटतो. तेथेंच कोणी भराभर हिशेब वाचूं लागला तर काय होईल, ह्याची कल्पना वाचकांनीं करावी. ध्वनीचें उगम थांबल्यावरहि तो जो मागें उरतो त्यास आपण निनाद म्हणूं. निनाद स्वतः वाईट नव्हे. तो कोठें किती असावा, हाच प्रश्न आहे.

विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनीं ह्या दालनाचा दोष दूर करण्याचें काम पदार्थविज्ञानाच्या एका तरुण अध्यापकाकडे सोंपविलें. त्यांचें नांव वॉलेस क्लेमेंट सॅबाइन. त्यांचा जन्म १८६८ चा. म्हणजे त्या वेळीं त्यांचें वय अवघें सत्तावीस. डॉक्टरची पदवी त्यांच्यापाशीं नव्हती, आणि ती त्यांनीं पुढेंहि कधीं घेतली नाहीं. ध्वनीचें गणित तोंवर पुष्कळ पुढें गेलें होतें. हेल्महोल्ट्झ व लॉर्ड रॅले ह्यांचे थोर ग्रंथ प्रसिद्ध झाले होते. परंतु अमुक एक दालन बांधिलें तर तें कसें बोलेल, हें बांधण्यापूर्वीं सांगूं शकेल असा मनुष्य जगांत कोणी नव्हता. दालन चांगलें निघालें तर दैव, वाईट निघालें तर शिल्पज्ञाचें दुर्दैव, अशीच समजूत रूढ होती. छताखालून तारा ताणल्या असतां घुमारा मोडतो, असा एक तोडगाहि त्या काळीं लोकप्रिय होता. अंड्यांच्या ट्रेची ही पणजीच म्हणावयाची!

सॅबाइन ह्यांनीं तर्क बाजूस ठेवून मोजणी आरंभिली. साधनें अगदीं साधीं: सेकंदास ५१२ कंप देणारी ऑर्गनची एक नळी, तीत हवा सोडण्याची सोय, वेळ नोंदणारें यंत्र, आणि स्वतःचे कान. नळी वाजवावयाची, एकाएकीं बंद करावयाची, आणि स्वर ऐकूं येईनासा होईपर्यंत किती वेळ लागला तें टिपावयाचें. दिवसां रस्त्यावरील ट्रामगाड्यांचा खडखडाट असे. म्हणून हें काम मध्यरात्रीनंतर, पहांटेपर्यंत चाले. शेजारींच सँडर्स थिएटर नांवाचें दालन होतें. त्याचा आवाज सर्वांस पसंत होता. तेथील आसनांवरच्या गाद्या सॅबाइन व त्यांचे दोन साहाय्यक रात्रीं उचलून फॉगच्या दालनांत आणीत, थोड्या थोड्या मांडून प्रत्येक वेळीं मोजणी करीत, आणि सकाळ होण्यापूर्वीं सगळ्या गाद्या जागच्या जागीं नेऊन ठेवीत. रिकाम्या दालनांत निनाद ५.६२ सेकंद टिके. गाद्या वाढत गेल्या तसतसा तो कमी होत गेला. आणि जमीन, आसनें, व्यासपीठ व मागची भिंत अशी सर्वत्र मिळून सुमारें दीड हजार गाद्यांनीं झांकली तेव्हां तो १.१४ सेकंदांवर आला.

ह्याच प्रयोगांतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. एका टप्प्यावर सॅबाइन ह्यांचे आंकडे जुळेनात. कारण शोधतां शोधतां असें आढळलें कीं, ते स्वतः रोज एकच कपडे घालून बसत नव्हते. अंगावरचा कोट बदलला कीं त्यानें शोषलेला ध्वनि बदलत होता, आणि तेवढ्यानें मोजणी चळत होती! त्यांनीं सुमारें तीन हजार निरीक्षणें टाकून दिलीं, आणि पुढें प्रत्येक वेळीं तोच निळा हिवाळी कोट, तोच जाकीट, तीच विजार घालून ते प्रयोगास बसूं लागले. कित्येक रात्रींचें काम एका कोटापायीं फेंकून देण्यास किती मनोनिग्रह लागला असेल! परंतु त्या दिवशीं त्यांनीं जें ओळखलें तें मोठें होतें: ऐकणारा हा खोलीच्या बाहेर उभा राहून निवाडा देणारा न्यायाधीश नव्हे, तो त्या खोलीचाच एक भाग आहे.

१८९८ च्या सुमारास एक नवी निकड उत्पन्न झाली. बोस्टन शहरांतील वाद्यवृंदाचे संस्थापक हेन्री ली हिगिन्सन ह्यांस नवें संगीतगृह बांधावयाचें होतें, व त्यासाठीं एलियट ह्यांनीं सॅबाइन ह्यांचें नांव सुचविलें. सॅबाइन आधीं कचरले. कारण आंकड्यांचे ढीग होते, पण त्यांतील सूत्र हातीं लागलें नव्हतें. त्या वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यांत एके रात्रीं ते कागदांपुढें बसले असतां त्यांच्या एकदम लक्षांत आलें कीं ही वक्ररेषा म्हणजे भूमितींतील अपास्त होय. आणि आनंदाच्या भरांत त्यांनीं ती बातमी प्रथम आपल्या आईस ओरडून सांगितली, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. अपास्त म्हणजे काय, हें सोप्या शब्दांत असें: दालनाची एकंदर शोषणशक्ति दुप्पट केली कीं निनादाचा काळ निम्मा होतो, दोहोंचा गुणाकार कायम राहतो. आणि तो गुणाकार दालनाच्या घनफळावर अवलंबून असतो. आजच्या हिशेबानें, घनफळ घनमीटरांत घेऊन त्यास ०.१६१ नें गुणावें व शोषणानें भागावें; निनादाचे सेकंद मिळतात.

शोषण मोजण्यास सॅबाइन ह्यांनीं जें माप निवडलें तेंहि मार्मिक आहे: उघडी खिडकी. खिडकीबाहेर गेलेला ध्वनि परत येत नाहीं. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे एक. ह्या मापानें लांकडी पट्ट्यांवरील गिलाव्याचा अंक अवघा ०.०३४ निघाला, कांचेचा ०.०२७, जाड गालिच्याचा ०.२९. एकटा बसलेला पुरुष मात्र ०.४८, म्हणजे जवळ जवळ अर्धा चौरस मीटर उघडी खिडकीच! आपल्याकडील जुन्या गाण्याच्या बैठकी आठवाव्या. लांकडी तक्तपोशी, खालीं गाद्या, त्यांवर पांढऱ्या चादरी, भिंतींशीं लोड व तक्के, आणि दाटीनें बसलेले श्रोते. ही सजावट कोणी सूत्र मांडून केली नव्हती. परंतु तंबोऱ्याची आस ऐकूं यावी व तान मात्र गढूळ होऊं नये, ह्यास ती किती अनुकूल होती, हें सॅबाइन ह्यांच्या कोष्टकावरून उमगतें. श्रोत्यांनीं मैफल रंगते असें आपण म्हणतों. तें पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेंहि खोटें नाहीं.

बोस्टनचें सिंफनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजीं उघडलें. शिल्पज्ञ चार्ल्स मॅकिम ह्यांच्या मनांत प्रथम ग्रीक नाट्यगृहासारखा अर्धवर्तुळाकार आराखडा होता. तो सोडून देऊन जर्मनींतील लाइप्झिगच्या प्रख्यात संगीतगृहाप्रमाणें लांबट चौकोनी आकार पत्करण्यांत आला. तें संगीतगृहच प्रमाणशीर मोठें करून बांधलें असतें तर घनफळ वाढून निनाद अतोनात लांबला असता, हें सॅबाइन ह्यांनीं आधींच आंकड्यांनीं दाखविलें. बांधकाम सुरू होण्यापूर्वीं निनादाचें गणित शास्त्रशुद्ध रीतीनें मांडून उभारलेलें हें पहिलें संगीतगृह. आरंभीं कांहीं टीकाकारांनीं नाकें मुरडलीं; परंतु काळानें त्यांचा निर्णय फिरविला, आणि आज जगांतील उत्कृष्ट संगीतगृहांत त्याची गणना होते. ज्या व्याख्यानगृहापासून हें सारें सुरू झालें त्यास भिंतींवर केसांचे नमदे लावून सॅबाइन ह्यांनीं वापरण्याजोगें केलें होतें. ती इमारत १९७३ मध्यें पाडण्यांत आली. स्वतः सॅबाइन १९१९ मध्यें, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, निधन पावले.

येथवरची कथा ऐकून आमचा भाचा म्हणाला, "मग मीहि तेंच केलं कीं, मामा. त्यांनीं गाद्या लावल्या, मीं फोम लावला." प्रश्न रास्त होता, आणि त्याचें उत्तर कथेच्या उत्तरार्धांत आहे.

सॅबाइन ह्यांचे पहिले प्रयोग एकाच स्वरावर, ५१२ कंपांवर, झाले होते. पुढें त्यांनीं ६४ पासून ४०९६ कंपांपर्यंत मोजणी केली व ती १९०६ मध्यें मांडली. तींत असें दिसलें कीं एकच वस्तु सर्व स्वर सारखे गिळीत नाहीं. नमदा, पडदा किंवा गालिचा उंच स्वर भराभर शोषतो. खर्जाकडे वळावें तों त्याची शक्ति ओसरत जाते. हा धडा पुढच्यांनीं लगेच घेतला असें मात्र नाहीं. १९२३ मध्यें बी. बी. सी. ही संस्था लंडनच्या सॅव्हॉय हिल येथें गेली, तेव्हां तेथील स्टुडिओंच्या भिंती कापडाच्या थरांवर थर देऊन मढविल्या होत्या. निनाद हा शत्रूच, असें समजून. परिणाम असा झाला कीं गाणारांस आपलाच आवाज परका वाटूं लागला, व ऐकणारांस संगीत निर्जीव वाटूं लागलें. मग ते थर हळूहळू कमी करावे लागले. खोलीचा कंठ दाबून टाकणें निराळें व तो सुरांत आणणें निराळें, हें त्यांस अनुभवानें कळलें.

लहान खोलीच्या बाबतींत आणखी एक अडचण आहे, व ती निनादाच्या सूत्रांत बसत नाहीं. लॉर्ड रॅले ह्यांच्या ग्रंथांत ती गणितानें सांगितलेली आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्यें ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी मावते, तो स्वर तेथें स्थिर उभा राहतो. भिंतींपाशीं तो भरून ऐकूं येतो आणि खोलीच्या मधोमध जवळ जवळ नाहींसा होतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर. बारा फुटांच्या लांबींत असा पहिला स्वर सुमारें ४७ कंपांचा येतो. दहा फुटांच्या रुंदींत ५६ चा. आणि उंचीहि दहाच फूट असल्यामुळें तोच ५६ चा स्वर दुसऱ्यांदां जोर करतो. बेस गिटारच्या खालच्या दोन तारा अनुक्रमें ४१ व ५५ कंपांच्या आहेत, हें लक्षांत घ्यावें. मोठ्या संगीतगृहांत हे स्थिर स्वर इतके खालीं जातात कीं ते कानाच्या वाटेस येत नाहींत. राहत्या घरांतील खोलींत ते नेमके संगीताच्या पायांत येतात.

आतां भाच्याची खुर्ची कोठें होती? खोलीच्या अगदीं मधोमध! जेथें खालचे स्वर ऐकूंच येत नाहींत तेथें बसून तो त्यांस वाढवीत होता. आणि त्यानें वाढविलेला तो भार दुसऱ्याच्या घरीं जाऊन गडगडत होता. कानानें चोख काम केलें होतें. खोलीनें त्यास खोटी खबर दिली होती. शिवाय भिंतींवरील फोमनें उंच स्वर तेवढे खाऊन खालच्यांस मोकळें रान दिलें होतें. ४७ कंपांची पूर्ण लहर सात मीटरांहून लांब असते; बोटभर फोमनें तिला अडवूं पाहणें म्हणजे पुराच्या पाण्यास चटई आडवी लावणें होय.

मग आम्हीं दोघांनीं मिळून खोलीची पुनर्मांडणी केली. अंड्यांचे ट्रे काढून टाकिले. खुर्ची मधून हलवून समोरच्या आंखूड भिंतीपासून सुमारें साडेचार फुटांवर, परंतु डाव्या-उजव्या भिंतींपासून सारख्या अंतरावर आणिली. रुंदीचा तो स्वर तेवढ्यानें सुटत नाहीं, हें ठाऊक होतें; तथापि दोन्ही कानांस समतोल मिळावा म्हणून तेवढी तडजोड पत्करली. चारी कोपऱ्यांत, जेथें खालचे स्वर सर्वांत अधिक सांचतात, तेथें लांकडी चौकटींत फूटभराहून जाड काचलोकर भरून, वरून सुती कापड ताणून, जमिनीपासून छतापर्यंत खांब उभे केले. बाजूच्या भिंतींसाठीं आरशाची जुनी युक्ति उपयोगी पडली: एकानें खुर्चीवर बसावें, दुसऱ्यानें भिंतीवरून आरसा सरकवीत न्यावा, आणि बसलेल्यास आरशांत जेथें स्पीकर दिसेल तेथेंच तेवढी शोषक चौकट लावावी, कारण ध्वनीचा पहिला परावर्तित किरण तेथूनच कानीं येतो. मागच्या भिंतीशीं आमचें एक जुनें पुस्तकांचें कपाट ठेविलें. लहानमोठ्या पुस्तकांच्या वरखालीं रांगा ध्वनीस थोडेंबहुत विखरतात. गणितानें खोली ठरवून केलेल्या खांचांनीं हेंच काम अधिक नेमकें कसें होतें, तें मॅनफ्रेड श्रेडर ह्यांनीं १९७५ मध्यें दाखविलें आहे.

मोजणीस आज रात्री जागवाव्या लागत नाहींत. एक मायक्रोफोन व संगणक क्षणांत आलेख काढतात. दोष समूळ गेला, असें म्हणतां येणार नाहीं. ५६ च्या आसपास अद्याप एक खळगा आहे. परंतु तो कोठें आहे व किती खोल आहे, हें आतां भाच्यास ठाऊक आहे. त्यामुळें तेथें तो कानाच्या जोडीस आलेख व हेडफोन घेतो. त्याची कामें परत येणें थांबलें आहे, आणि नोकरीची गोष्ट त्यानें पुन्हां काढलेली नाहीं.

एक लहानसा हिशेब मात्र आम्हीं त्यास मुद्दाम करावयास लाविला. ती खोली अगदीं उघडी, केवळ गिलाव्याची, असती तर सॅबाइन ह्यांच्या सूत्रानें तिचा निनाद ढोबळमानानें २.५ सेकंद निघतो. तींत एक मनुष्य येऊन बसला कीं तोच २.१ वर येतो. फॉगच्या विस्तीर्ण दालनांत निळ्या कोटाचा फरक सूक्ष्म होता. येथें नुसत्या बसण्यानें खोलीचा जवळ जवळ पांचवा हिस्सा आवाज बदलतो. आपण सारेच रोज कोणत्या ना कोणत्या खोलींत बसून कोणाचा ना कोणाचा आवाज ऐकतों, आणि तो बरा कीं वाईट हें ठरवून मोकळे होतों. निवाडा देण्यापूर्वीं खुर्ची एकदां हलवून पाहावी, आणि आपल्या अंगावर कोट कोणता आहे तेंहि पाहावें, एवढेंच सांगून हा लेख पुरा करितों.